कंसातला ड्रमर

आमच्या सोसायटीला यंदा पन्नास वर्षं झाली. मराठी माणसांच्या सोसायटीला पन्नास वर्षं झाली की दोन गोष्टी अटळ असतात, गळती आणि स्मरणिका. गळतीचं काम गेली अकरा वर्षं चालूच आहे, त्यामुळे कमिटीने यंदा स्मरणिका हाती घेतली.

हिंदमाताच्या मागच्या गल्लीत आमची ही चार मजल्यांची इमारत. स्मरणिकेत ‘आमचे रहिवासी’ असं एक सदर होतं आणि त्यात प्रत्येक फ्लॅटला तीन ओळी दिल्या होत्या. छापायला जाण्याआधी ज्याने त्याने आपापलं तपासून घ्यावं म्हणून कच्ची प्रत जिन्याखालच्या टेबलावर ठेवली होती, टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून, कारण आमच्याकडे नोटीस बोर्डाचं पेनसुद्धा आठवडाभर टिकत नाही. संध्याकाळी दूध घेऊन येताना मी सहज वाकून पाहिलं. फ्लॅट अकराच्या लतिकाबाई नाडकर्णी ‘पाककलानिपुण’ होत्या. का, तर त्यांची सुरळीच्या वड्यांची कृती एकदा पेपरच्या पुरवणीत आली होती. फ्लॅट तेरामधला ब्रूनो ‘सर्वांचा लाडका’ होता. ब्रूनो हा कुत्रा आहे. आणि या दोघांच्या मध्ये, फ्लॅट बारासमोर लिहिलं होतं : ‘सौ. सुमेधा तळपदे. निवृत्त बँक अधिकारी, उत्कृष्ट रांगोळीकार, सोसायटीच्या माजी खजिनदार. (पती : हेमचंद्र)’

हेमचंद्र म्हणजे मी. वय वर्षं चौसष्ट. दुधाची पिशवी हातातून सुटायची तेवढी राहिली.

मी ड्रमर आहे. साधासुधा नाही, सेशन ड्रमर. हे काय असतं ते आमच्या इमारतीत पन्नास वर्षांत कोणाला कळलं नाही, तेव्हा तुम्हालाही सांगून टाकतो. अरेंजरने, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बसवणाऱ्याने, बोलावलं की जायचं, समोर ठेवलेला कागद वाचायचा, कानात घड्याळासारखी टिकटिक चालू असते तिला धरून वाजवायचं आणि पुढच्या शिफ्टला दुसऱ्या स्टुडिओत पळायचं. मी चाळीस वर्षं पळलो. सिनेमाची गाणी वाजवली, भक्तिगीतं वाजवली, मंजनाच्या जाहिराती वाजवल्या. निवडणुकीच्या कॅसेटी तर एकाच दिवशी सकाळी एका पक्षाची आणि दुपारी विरुद्ध पक्षाची अशा वाजवल्या, ठेका तोच ठेवून. आमच्या धंद्यात कौतुक करायची पद्धत नाही. अरेंजर काही बोलला नाही म्हणजे उत्तम झालं. त्याने ‘तळपदे’ अशी हाक मारली म्हणजे काहीतरी चुकलं. कॅसेटच्या कव्हरावर गायक असायचा, गीतकार, संगीतकार, निर्माता, निर्मात्याच्या मातोश्री, कव्हरावरचा फोटो काढणारा, सगळे असायचे. ड्रमर कधीच नसायचा. मला त्याचं वाईटही वाटत नसे. मग एक दिवस कॉम्प्युटर आला. त्याला चहा लागत नाही, तो शिफ्टला यायला उशीर करत नाही आणि त्याचा हात दुखत नाही. आठ वर्षांपूर्वी मला शेवटचा फोन आला आणि माझे ड्रम्स माळ्यावर गेले. तेही मी गिळलं. पण ब्रूनोच्या वरती कंसात बसणं मला गिळवेना.

मला एक ओळ हवी होती. ‘ज्येष्ठ ड्रमवादक’. दोन शब्दांना ओळसुद्धा म्हणता येत नाही खरं तर, पण चाळीस वर्षांचा हिशेब तेवढ्यात बसत होता.

सेक्रेटरी कर्णिक हे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त ते झाले, खातं त्यांच्यातून झालं नाही. पोलादी काड्यांचा आणि जाड काचेच्या भिंगांचा चष्मा ते लावतात. प्लॅस्टिकची भिंगं हलकी असतात म्हणून त्यांचा त्यांवर विश्वास नाही. त्या चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुरावा मागितला. छापील, स्वसाक्षांकित, शुक्रवारपर्यंत. मी म्हटलं, अहो, तीस वर्षं तुमच्या डोक्यावर राहतोय, मी ड्रम्स घेऊन जाता-येता तुम्ही पाहिलं नाहीत का? त्यांनी पाहिलं होतं. पण ड्रम्स वाहून नेणं आणि वाजवणं या दोन वेगळ्या बाबी आहेत असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत फ्लॅट चोवीसवाल्यांनी स्वतःला ‘माजी क्रिकेटपटू’ असं छापून घेतलं होतं आणि मागाहून कळलं, की ते शिवाजी पार्कला नेटच्या मागे उभे राहून गेलेले चेंडू परत टाकत असत. तेव्हापासून पुराव्याशिवाय काही छापायचं नाही असा ठरावच झाला होता.

घरी येऊन मी सुमेधाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने शांतपणे विचारलं, “पण खोटं काय लिहिलंय त्यांनी? पती आहातच ना तुम्ही?”

या बाईच्या बँकेतल्या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं हे मी नाकबूल करत नाही. मला शिफ्ट असेल तेव्हा मी स्टुडिओत आणि नसेल तेव्हा फोनजवळ, आणि ही रोज नऊ पन्नासला टेबलावर. त्यामुळे ती अशी बोलली की माझा आवाज चढतो. त्या दिवशीही चढला. शेजारी ऐकू गेलं आणि जिन्यात सल्ले सुरू झाले.

लतिकाबाई म्हणाल्या, ‘संगीतप्रेमी’ लिहा, त्याला पुरावा लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा उन्मेष, जो कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याने मोबाइलवर माझं नाव टाकून पाहिलं. बडोद्याला हेमचंद्र तळपदे नावाचे एक होमिओपॅथ निघाले. फोटोत माणूस हसतमुख होता. उन्मेष म्हणाला, “काका, नेटवर तुम्ही नाही आहात.” डॉक्टर नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतात त्या आवाजात म्हणाला. मग तो म्हणाला, एखादं फेमस गाणं सांगा, त्यावरून शोधू.

आता आली का पंचाईत. मी वाजवलेल्यांपैकी सगळ्यांना पाठ असलेलं गाणं एकच, ‘हळदीत आली होडी’. ब्याण्णव साली कॅसेट निघाली आणि तेव्हापासून लालबाग-परळमध्ये ते गाणं लागल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळद चढत नाही. मिरवणुकीत आहे, बारशात आहे, निवृत्तीच्या समारंभातसुद्धा आहे. मी त्या गाण्याचं नाव घेतलं. मग लतिकाबाई म्हणाल्या, की आमच्या नूपुरच्या हळदीला नेमकं तेच गाणं लागल्यावर तुम्ही तोंड वाकडं करून उठून गेला होतात. हे खरं होतं. ते गाणं लागलं की मी उठतो. हात धुवायला जातो, पाणी प्यायला जातो, एकदा तर शेजारच्या हॉलमध्ये परक्यांच्या मुंजीत जाऊन बसलो होतो. तेहतीस वर्षांत मी ते गाणं पुरतं ऐकलेलं नाही. त्याला कारण होतं, पण ते जिन्यात सांगण्यासारखं नव्हतं. सुमेधाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरगावात आमच्या वादकांच्या संघटनेच्या ऑफिसात गेलो. तिथे एक टेबल, एक पंखा आणि एक क्लार्क असे तीन सभासद हजर होते. त्यांपैकी पंखा चालू होता. क्लार्कने माझं जुनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर माझ्या नावापुढे ‘ताल – इतर’ असं लिहिलेलं निघालं. तबला, ढोलकी, ढोलक यांना स्वतंत्र रकाने होते, आणि मी, मंजिरा आणि खुळखुळा इतरमध्ये होतो. ब्याण्णव सालचं रजिस्टर मागितलं तर ते वाळवीने आधीच वाचून संपवलं होतं. आता त्या दिवशी त्याच रेकॉर्डिंगला हजर असलेल्या एका सभासदाने लिहून दिलं तर दाखला मिळेल, असं क्लार्क म्हणाला. आणि माझा हयातीचा दाखला. मी म्हटलं, मी समोर उभा आहे. तो म्हणाला, उभे राहा, पण दाखला आणा.

हयात असलेला दुसरा सभासद शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. अरेंजर वारले होते, ढोलकीवाले वारले होते, संगीतकार तर कॅसेट निघाल्याच्या दुसऱ्या वर्षी वारले. उरला होता व्हायोलिनवाला ऑगस्टीन. दादरलाच राहतो, पोर्तुगीज चर्चपाशी. मला पाहून त्याला आनंद झाला, केक खाऊ घातला, ब्याण्णवचं रेकॉर्डिंग त्याला लख्ख आठवत होतं. त्या दिवशीच्या वड्यांची चटणीसुद्धा आठवत होती. पण कागद पुढे केल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

“हेमा, तूच वाजवलं असणार रे. पण तू त्या काचेच्या खोलीत, आणि मी बाहेर. काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. बघितलं नाही ते बघितलं म्हणून सही कशी करू? रविवारी चर्चमध्ये उभं राहायचंय मला.”

चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर वडे खाल्ले तो माणूस रविवारच्या भीतीने सही करीना. आम्हा ड्रमरांना पूर्वीपासून काचेच्या खोलीत बंद करून ठेवत, आमचा आवाज इतरांच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून. म्हणजे मी सगळ्यांना ऐकू जात होतो आणि कोणालाच दिसत नव्हतो. ऑगस्टीनवर चिडावं तर त्याचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मला जास्त राग येतो.

मग वाटलं, निदान तो स्टुडिओ. परळला एका बंद गिरणीच्या मागे होता. गेलो तर तिथे काचेचा टॉवर. आत शिरलो तर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, किसको मिलना है? ब्याण्णव सालाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्याने कामाचं स्वरूप लिहायला सांगितलं, मी ‘चौकशी’ लिहिलं, त्याने माझा फोटो काढला, गळ्यात एक पट्टी अडकवली आणि आठव्या मजल्यावर पाठवलं. तिथे एका मुलीने मला थंड पाणी दिलं आणि विम्याचे हप्ते समजावून सांगायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने सुटका झाली. गळ्यातली पट्टी परत द्यायची राहून गेली. चार दिवसांच्या वणवणीत माझ्या नावाचा छापील कागद मिळाला तो एवढाच : ‘एच. तळपदे, व्हिजिटर’.

शुक्रवारी मी तीच पट्टी कर्णिकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती चष्म्याच्या आतून वाचली, मग वरून वाचली आणि फाइलला लावली. स्मरणिका छापायला गेली. कंसासकट गेली.

पण मी कमिटीसमोर असा काही बोललो, असा काही बोललो, की माझ्या ब्लडप्रेशरला घाबरून त्यांनी ठराव केला. सुवर्णमहोत्सवाच्या रविवारी संध्याकाळी इमारतीच्या पटांगणात लालबागची बेंजो पार्टी येणार होती. श्री. तळपदे यांनी तिच्याबरोबर ‘हळदीत आली होडी’ हे गीत वाजवून दाखवावे. उपस्थितांची खात्री पटल्यास स्मरणिकेला शुद्धिपत्राची चिठ्ठी जोडण्यात यावी. सूचक लतिकाबाई, अनुमोदक उन्मेष. या वयात माझी प्रात्यक्षिक परीक्षा ठरली.

ड्रम्स माळ्यावरून काढले तेव्हा संसार काय चीज असते ते कळलं. बेस ड्रमच्या पोटात सुमेधाने गोधड्या भरल्या होत्या. त्याबद्दल तक्रार नाही, त्याच्या पोटात काहीतरी मऊ लागतंच, नाहीतर आवाज घुमतो. पण स्नेअरवर, म्हणजे गुडघ्यांपुढच्या छोट्या ड्रमवर, मनीप्लँट होता. एक झांज तुळशीच्या कुंडीखाली सापडली, पाणी गळू नये म्हणून ठेवलेली. झांजेला मधोमध भोक असतं. पाणी आठ वर्षं गळतच होतं आणि घरात कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

सरावाला कमिटीने लेखी परवानगी दिली, दुपारी चार ते साडेचार. पहिल्याच दिवशी चार वाजून दोन मिनिटांनी लतिकाबाईंची झोपमोड झाली आणि चार वाजून पाच मिनिटांनी फ्लॅट तेरामधून तक्रार आली की सर्वांचा लाडका पलंगाखाली गेला आहे आणि बाहेर येत नाही. म्हणून मग मी उशांवर सराव केला. पाच दिवसांत दोन उशा फुटल्या आणि घरभर कापूस झाला. सुमेधाने तो मुकाट्याने गोळा केला. तिचं मुकाट्याने काही करणं मला फार लागतं.

मधे एकदा बेंजो पार्टीच्या प्रमुखाचा फोन आला होता. संघर्ष त्याचं नाव, चाळिशीचा माणूस. दिवसा परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासतो आणि सुट्टीला ही पार्टी चालवतो. पार्टी त्याच्या वडिलांनी, बाबुरावांनी, गिरणीत असताना काढलेली. चौदा एप्रिल असो की गणपती की कोणाची हळद, लालबागमध्ये यांच्याशिवाय पान हलत नाही. तो अदबीने म्हणाला, काका, कार्यक्रमाआधी एकदा बसूया का? मी ठसक्यात सांगितलं, की जे मी मुळात वाजवलंय त्याची तालीम कसली? सेशनवाला तालीम करत नाही. तो म्हणाला, तसं कसं, तुम्ही म्हणाल तसं. इथेच मी माती खाल्ली.

रविवारी पटांगण भरलं होतं. स्मरणिकेचं प्रकाशन झालं. पार्टी आली. संघर्षने ताशाच्या बाजूला खुर्ची मांडून बाबुरावांना बसवलं. ऐंशीचे गृहस्थ, पांढराशुभ्र शर्ट, वाजवणं सुटलं होतं पण पार्टीबरोबर येणं सुटलं नव्हतं. मी माझ्या ड्रम्समागे जाऊन बसलो आणि आठ वर्षांनी पाठ आपोआप ताठ झाली.

गाणं सुरू झालं आणि हात चालले. अहो, चालले म्हणजे काय, धावले. पहिला अंतरा गेला. सगळी इमारत नाचायला उतरली, लतिकाबाईसुद्धा. संघर्षने मान डोलावली. दुसरा अंतरा संपत आला. तिथे ब्याण्णवच्या कागदावर लिहिलं होतं तसा मी भरणा घेतला, सगळ्या ड्रम्सवरून हात फिरवून आणला आणि झांजेवर दणदणीत ठोका दिला.

तो ठोका मी एकट्यानेच दिला. सगळी पार्टी त्या जागी थांबली होती. पटांगणातली शंभर-सव्वाशे माणसं हात वर करून जागच्या जागी थांबली होती, आणि माझ्या दणक्याने दचकून लतिकाबाई उन्मेषवर आणि उन्मेष सरबताच्या टेबलावर गेला. गाणं कोसळलं. कर्णिकांनी पहिल्या रांगेतून माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून.

संघर्ष जवळ आला. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून वाकला, पण माइक चालू होता.

“काका, तिथे सोडायचं असतं. एक पूर्ण ठोका खाली, आणि त्यात ते टक आणि टिन्. ओरिजिनलला तसंच आहे. सगळे तिथेच हात वर करतात.”

ओरिजिनल. मला ओरिजिनल सांगत होता तो. माझं डोकं सणकलं, कान तापले, आणि मी तोंड उघडलं ते भांडायला. पण तोंडातून आलं भलतंच. तेहतीस वर्षं जे सुमेधाशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, ते मी चालू माइकवर सांगून बसलो.

तो ठोका सोडलेला नव्हता. तो चुकला होता. त्या दिवशी काचेच्या खोलीतला एसी बंद पडला होता. मी घामाने निथळत होतो, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी, नेमका झांजेवर हात जाताना, माझा चष्मा नाकावरून घसरला. तो धरायला मी हात मागे घेतला. ठोकाही गेला आणि चष्माही. स्नेअरवर पडला, तिथून उडून झांजेच्या दांडीवर आपटला, आणि मी कसाबसा पुढच्या ठेक्याला आत शिरलो. मी पुन्हा घेऊया म्हणून हात जोडले. पण बाहेर पुढच्या शिफ्टचे लोक येऊन बसले होते. अरेंजर म्हणाला, चालेल, ढोलकीत दबून जाईल. चाळीस वर्षांत माझी टेपवर राहिलेली ती एकमेव चूक, आणि ती नेमकी त्याच गाण्यात राहिली जे मरायचं नाव घेत नाही. म्हणून मी उठून जात होतो. प्रत्येक हळदीत, बरोबर त्या जागेच्या आधी. त्यामुळे त्या जागी लोक काय करतात हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग मागून सुमेधाचा आवाज आला. ती फार मोठ्याने बोलत नाही, पण ऐकू येतं. “मोडका चष्मा खिशात घालून घरी आले होते. दोन दिवस जेवले नाहीत.”

संघर्ष माझ्याकडे बघतच राहिला. “म्हणजे ते टक-टिन् चष्म्याचं आहे?” त्याने वळून वडिलांकडे पाहिलं. “काका, या आवाजासाठी आमच्या बाबांनी काय काय वाजवलंय माहितेय? अडकित्ता, स्टीलचा ग्लास, सायकलची घंटी. आता आम्ही सोड्याच्या बाटलीवर ओपनर मारतो. तरी बाबा दर वेळेला म्हणतात, हा नाही.”

मी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि स्नेअरवर सोडला. थप. एखादं पाकीट पडावं तसा आवाज झाला. पुन्हा सोडला. पुन्हा थप. बाबुरावांनी मान हलवली. कोणीतरी हसलं आणि कर्णिक उठून उभे राहिले, कार्यक्रमपत्रिकेतल्या पुढच्या बाबीकडे वळण्यासाठी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा आताचा चष्मा प्लॅस्टिकचा होता. ब्याण्णव साली काच होती आणि पोलाद होतं. तसा चष्मा आता अख्ख्या दादरमध्ये एकाच माणसाच्या नाकावर शिल्लक होता. मी म्हटलं, “कर्णिकसाहेब, पुरावा हवा होता ना? जरा चष्मा द्या.”

त्यांनी नियमात कुठे बसतं ते विचारलं. पण उपस्थितांची खात्री हा त्यांच्याच ठरावातला शब्द होता, आणि उपस्थितांनी आता त्यांच्याभोवती कडं केलं होतं. शेवटी त्यांनी चष्मा काढून रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिला. मी पार्टीला दुसरा अंतरा पुन्हा घ्यायला सांगितलं, आणि भरणा संपताच, ज्या जागेला तेहतीस वर्षं शिव्या दिल्या त्या जागी, हात वर घेतला आणि स्नेअरवरून झांजेच्या दांडीकडे उडेल असा चष्मा सोडला.

टक. टिन्.

पटांगणातले सगळे हात वर होते. तसेच राहिले. पार्टीने पुढचा ठेका घेतलाच नाही, सगळे त्या खुर्चीकडे बघत होते. बाबुरावांनी डोळे मिटले होते. त्यांनी ते उघडले नाहीत, फक्त गुडघ्यावर एक बोट आपटलं आणि म्हणाले, “हाच.” मग म्हणाले, “मास्तर, आमची तीन पोरं या एका ठोक्यावर ताल शिकली. चुकलावता म्हणून सांगू नका कोणाला.”

मला रडू आलं. चष्मा नव्हता, त्यामुळे लपवायला काही नव्हतं.

कर्णिकांच्या चष्म्याचं डावं भिंग मात्र फुटलं होतं. तसली काच आता कुठे मिळत नाही, त्यामुळे पंधरा दिवस त्यांना जवळचं काही दिसत नव्हतं. पण माणूस ठरावाला पक्का. त्याच आठवड्यात त्यांनी अंदाजाने शुद्धिपत्र लिहून छापून आणलं आणि घरोघर वाटलं : ‘पृष्ठ ९, फ्लॅट १२, ‘पती’ ऐवजी ‘ज्येष्ठ ड्रमवादक’ असे वाचावे.’

मी ते वाचायचं तसं वाचून पाहिलं. सौ. सुमेधा तळपदे, निवृत्त बँक अधिकारी, उत्कृष्ट रांगोळीकार, सोसायटीच्या माजी खजिनदार. कंसात, ज्येष्ठ ड्रमवादक : हेमचंद्र. म्हणजे मी अजून कंसातच होतो, आणि आता या बाईंनी घरात एक ड्रमवादक ठेवला आहे असं अधिकृतपणे जाहीर झालं होतं. लतिकाबाई दोन दिवस मला बघून पदर तोंडाला लावत होत्या. मी तिसऱ्यांदा कर्णिकांकडे, आता शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र मागायला निघालो होतो, चपलासुद्धा घातल्या होत्या, तेव्हा सुमेधाने हाक मारली.

ती जेवणाच्या टेबलाशी आमची स्मरणिका आणि खळ घेऊन बसली होती. चिठ्ठी तिने चिकटवून टाकली होती, पण जरा खाली सरकवून. वरचा कंस झाकला गेला नव्हता. पती वाचता येत होता, आणि त्याच्या खाली ड्रमवादकही.

“दोन्ही असू देत,” ती म्हणाली, आणि चिठ्ठी अंगठ्याने दाबून धरून बसली. मी चपला काढल्या.